मालमत्ता आणि माणूस : कर्ट फ्लडच्या एका पत्राचे वाचन

२४ डिसेंबर १९६९ रोजी कर्ट फ्लड नावाच्या एकतीस वर्षांच्या अमेरिकन बेसबॉलपटूने त्या खेळाचे आयुक्त बोवी क्यून यांना एक पत्र लिहिले. पत्र छोटेसेच आहे. मेजर लीगमध्ये बारा वर्षे खेळल्यानंतर, आपल्या इच्छेचा विचार न करता जिची खरेदी-विक्री व्हावी अशी मालमत्तेतली एक वस्तू आपण आहोत असे आपल्याला वाटत नाही, हे त्यातले पहिले विधान. ज्या व्यवस्थेतून असा परिणाम घडतो ती व्यवस्था नागरिक म्हणून असलेल्या आपल्या मूलभूत हक्कांचा भंग करते, हे दुसरे. पुढच्या हंगामात खेळण्याची आपली इच्छा आहे आणि क्षमताही आहे. फिलाडेल्फिया क्लबचा प्रस्ताव आलेला आहे, परंतु निर्णय घेण्यापूर्वी इतर क्लबांचे प्रस्ताव विचारात घेण्याचा हक्क आपल्याला आहे. तरी १९७० च्या हंगामासाठी आपण उपलब्ध असल्याचे सर्व क्लबांना कळवावे, अशी विनंती करून पत्र संपते.

आम्ही साहित्याचे अध्यापक आहोत. बेसबॉल हा आमच्या अभ्यासाचा विषय नाही, आणि प्रस्तुत लेखात त्या खेळाचे कौशल्य उलगडून सांगण्याचा हेतूही नाही. परंतु या पत्रापासून जो संघर्ष सुरू झाला तो मुळात शब्दांचा संघर्ष होता. एका माणसाने आपल्या स्थितीला एक नाव दिले. ते नाव अतिशयोक्त आहे की अचूक आहे, यावर वृत्तपत्रे, मालक, सहकारी आणि शेवटी देशाचे सर्वोच्च न्यायालय यांच्यात अडीच वर्षे वाद चालला. न्यायालयाने दिलेले निकालपत्र हीदेखील एक विलक्षण साहित्यिक संहिता आहे. म्हणून फ्लडच्या कारकिर्दीकडे या अंगाने पाहावे असे आम्हांला वाटते.

कलम आणि त्याचा इतिहास

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलमध्ये ‘रिझर्व्ह क्लॉज’ या नावाने ओळखले जाणारे एक कलम होते. आपण त्याला राखीव-हक्क कलम म्हणू. १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी आपापसांत ठरवले की प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि इतरांनी त्यांना हात लावू नये. पुढे ही संख्या वाढत गेली आणि सर्वच खेळाडू या पकडीत आले. कराराची मुदत संपली आणि नव्या वेतनाबाबत एकमत झाले नाही, तर क्लबला तोच करार आणखी एक वर्षासाठी एकतर्फी वाढवता येई. वाढवलेल्या करारात हे कलमही असेच, असा मालकांचा अर्थ. म्हणजे एक वर्ष संपले की पुन्हा एक वर्ष, आणि असे अखंड. क्लब खेळाडूला विकू शके, दुसऱ्या खेळाडूच्या बदल्यात देऊ शके, काढून टाकू शके. खेळाडूला मात्र एकच पर्याय उरे, तो म्हणजे खेळच सोडून देण्याचा.

या कलमाला आव्हान देणारा फ्लड हा पहिला नव्हे. जॉन माँटगोमेरी वॉर्ड हा खेळाडू कायद्याचा पदवीधर होता. त्याने १८८७ मध्ये ‘लिपिनकॉट्स मॅगझिन’मध्ये एक निबंध लिहिला. बेसबॉलपटू ही जंगम मालमत्ता आहे काय, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता, आणि पळून गेलेल्या गुलामांना पकडून आणण्याच्या जुन्या कायद्याशी त्याने या कलमाची तुलना केली होती. वॉर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९० मध्ये खेळाडूंची स्वतंत्र लीग काढली; ती एका हंगामातच बंद पडली. १९२२ मध्ये प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायमूर्ती होम्स यांनी निर्णय दिला की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्यीय व्यापार नव्हे, सबब मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही. १९५३ मध्ये टूलसन खटल्यात न्यायालयाने हेच कायम ठेवले. बदल करायचा तर तो काँग्रेसने करावा, असे सांगितले. गंमत अशी की त्यानंतरच्या चार वर्षांत याच न्यायालयाने मुष्टियुद्ध आणि फुटबॉल यांना तो कायदा लागू असल्याचे ठरवले. बेसबॉल तेवढे कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘मालमत्ता’ हा शब्द फ्लडने कोठून तरी उसना आणलेला नव्हता. व्यवहाराची भाषाच ती होती. खेळाडू ‘विकला’ जाई, ‘राखला’ जाई, ‘बदल्यात’ जाई. फ्लडने ही क्रियापदे अलंकार म्हणून न घेता शब्दशः घेतली, इतकेच.

खेळाडूचा घडत जाणारा शब्दकोश

कर्ट फ्लड १८ जानेवारी १९३८ रोजी टेक्सासमधील ह्यूस्टन येथे जन्मला आणि कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या कृष्णवर्णीय वस्तीत वाढला. मॅक्लिमंड्स हायस्कूल ही त्याची शाळा. फ्रँक रॉबिन्सन आणि बास्केटबॉलचा बिल रसेल हेही तिथलेच विद्यार्थी. १९५६ मध्ये सिनसिनाटी संघाने त्याला ४,००० डॉलरला करारबद्ध केले. फ्लोरिडातील सराव शिबिरासाठी तो मोठ्या उत्साहाने टँपाच्या हॉटेलात पोहोचला, तेव्हा त्याला बाजूच्या दाराने बाहेर नेऊन कृष्णवर्णीयांच्या खाणावळवजा घरी पाठवण्यात आले. पुढची दोन वर्षे तो नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जिया या दक्षिणी राज्यांतल्या कनिष्ठ संघांत खेळला. गोरे सहकारी जेवायला उपाहारगृहात जात, त्याला मागच्या दाराशी किंवा बसमध्ये थांबून खावे लागे.

त्या दिवसांतला एक प्रसंग फ्लडने पुढे अनेकदा सांगितला. एकाच दिवशी दोन सामने होते. पहिल्यानंतर सर्वांनी घामाने भिजलेले गणवेश काढून एका ढिगात टाकले, यानेही टाकला. कपड्यांची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाने काठीने त्याचा गणवेश त्या ढिगातून वेगळा काढला आणि कृष्णवर्णीयांच्या धोबीखान्यात पाठवला. दुसऱ्या सामन्याची वेळ झाली तरी फ्लड कपड्यांवाचून बसून होता. मराठी वाचकाला या काठीचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. स्पर्श टाळण्यासाठी वापरलेल्या साधनांचा आपला स्वतःचा इतिहास पुरेसा मोठा आहे.

डिसेंबर १९५७ मध्ये सिनसिनाटीने त्याला सेंट लुईस कार्डिनल्सकडे दिले. त्याला न विचारता झालेला हा पहिला व्यवहार. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि त्याने तो स्वीकारला. पुढची बारा वर्षे त्याच्या कर्तृत्वाची. सेंटर फील्ड म्हणजे मैदानाचा सर्वांत विस्तीर्ण मधला भाग सांभाळणारा क्षेत्ररक्षक म्हणून तो त्याच्या काळातील सर्वोत्तमांपैकी एक मानला गेला. १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षे त्याला उत्तम क्षेत्ररक्षणाचे ‘गोल्ड ग्लव्ह’ पारितोषिक मिळाले. १९६६ च्या पूर्ण हंगामात त्याच्या हातून एकही चूक झाली नाही, आणि मागचे-पुढचे हंगाम धरून ही निर्दोष मालिका २२६ सामन्यांपर्यंत गेली. १९६४ आणि १९६७ मध्ये कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९६८ च्या अंतिम सामन्यात मात्र एका उंच चेंडूचा त्याचा अंदाज क्षणभर चुकला आणि विजेतेपद डेट्रॉइटकडे गेले.

मैदानाबाहेर त्याचे दुसरे शिक्षण चालू होते. १९६२ मध्ये जॅकी रॉबिन्सनच्या निमंत्रणावरून तो मिसिसिपीतील जॅक्सन येथे नागरी हक्कांच्या सभेत बोलला. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील अलामो या गोऱ्या वस्तीत त्याच्या कुटुंबाने घर भाड्याने घेतले. भाडेकरू काळे आहेत हे कळताच विरोध झाला आणि धमक्या आल्या. फ्लड न्यायालयाचा आदेश मिळवून त्या घरात राहायला गेला. तेव्हा १९६९ चे पत्र अचानक सुचलेले नव्हते. हक्क हा शब्द त्याने आधीच एकदा न्यायालयात उच्चारून पाहिला होता.

ऑक्टोबर १९६९ मध्ये एके दिवशी सकाळी क्लबच्या कार्यालयातून आलेल्या दूरध्वनीने त्याला कळवले की त्याची रवानगी फिलाडेल्फियाकडे झाली आहे. त्याच्यासह आणखी काही खेळाडू तिकडे जाणार होते आणि त्यांच्या बदल्यात मुख्यतः डिक ॲलन हा तडाखेबाज फलंदाज कार्डिनल्सला मिळणार होता. बारा वर्षांच्या सेवेनंतर मालकाने स्वतः दोन शब्द बोलण्याचीही तसदी घेतली नव्हती. त्यातून फिलाडेल्फिया हे कृष्णवर्णीय खेळाडूंशी शत्रुत्वाने वागणारे शहर म्हणून प्रसिद्ध होते. खुद्द ॲलनने तिथे पुष्कळ सोसले होते. फ्लडचे वेतन तेव्हा ९०,००० डॉलर होते आणि नवा क्लब त्याहून अधिक द्यायला तयार होता. म्हणजे तक्रार पैशाची नव्हती. हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही.

‘गुलाम’ या शब्दावरचा वाद

खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांनी फ्लडला स्पष्ट सांगितले की खटला हरण्याचीच शक्यता फार मोठी आहे. जिंकला तरी त्याचा फायदा तुला होणार नाही, आणि यापुढे या खेळात तुला कोणी प्रशिक्षकाचीही नोकरी देणार नाही. फ्लडने विचारले, इतर खेळाडूंना आणि पुढे येणाऱ्यांना फायदा होईल का? मिलर यांनी होकार दिला. त्याला तेवढे पुरेसे होते. डिसेंबरमध्ये पोर्तो रिकोतील सॅन ह्वान येथे संघटनेच्या प्रतिनिधींची बैठक झाली. हा लढा वर्णाचा आहे का, असे एका प्रतिनिधीने विचारले, तेव्हा फ्लडने दिलेले उत्तर मार्मिक आहे. काळा असल्यामुळे अन्यायाबाबत आपण अधिक संवेदनशील आहोत हे नाकारणे खोटेपणाचे होईल. परंतु हे पाऊल आपण खेळाडू म्हणून, सर्व खेळाडूंसाठी उचलत आहोत. प्रतिनिधींनी २५ विरुद्ध शून्य मतांनी त्याला पाठिंबा दिला.

क्यून यांचे उत्तर ३० डिसेंबरचे आहे. माणूस म्हणून तू खरेदी-विक्रीची वस्तू नाहीस याच्याशी मी सहमत आहे, ही गोष्ट आपल्या समाजात मूलभूत आणि उघड आहे, असे ते म्हणतात. आणि लगेच पुढे, प्रस्तुत परिस्थितीशी तिचा काय संबंध ते मला दिसत नाही, असेही म्हणतात. तत्त्व मान्य करायचे आणि ते लागू मात्र होऊ द्यायचे नाही, अशी ही रचना आहे. सत्ताधारी भाषेचा हा नमुना वर्गात शिकवण्याजोगा आहे, असे आमचे मत आहे. या उत्तरात कुठेही अपमान नाही, उलट आदर आहे. आणि त्या आदराच्या आड मूळ प्रश्न नाहीसा केलेला आहे.

३ जानेवारी १९७० रोजी दूरचित्रवाणीवर मुलाखतकार हॉवर्ड कोसेल यांनी विचारले की वर्षाला ९०,००० डॉलर मिळवणाऱ्याला ही काही गुलामी म्हणता येणार नाही, मग तक्रार कसली? वेतन उत्तम असले तरी गुलाम तो गुलामच, अशा आशयाचे उत्तर फ्लडने दिले. पत्रातला ‘मालमत्ता’ हा मोजका कायदेशीर शब्द इथे ‘गुलाम’ झाला, आणि जनमत त्याच्यावर उलटले. सुखवस्तू खेळाडूने कृतघ्नपणे आपल्या पूर्वजांच्या यातनांचा वापर केला, असा सूर अनेक स्तंभलेखकांनी लावला.

हा आक्षेप गांभीर्याने तपासायला हवा. चाबूक, विक्रीसाठी उभी केलेली माणसे, आईपासून तोडलेली मुले हा गुलामीचा अनुभव आणि सेंट लुईसमधला यशस्वी खेळाडू यांत अंतर अपार आहे. फ्लडला ते ठाऊक नव्हते असे मानणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्याचा युक्तिवाद एका विशिष्ट घटकापुरता होता : मी कोणासाठी राबावे हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे नसेल, तर मला किती मिळते हा प्रश्न दुय्यम आहे. गुलामीतून क्रौर्य वजा केले तरी जे उरते, त्याला काय म्हणायचे? तो म्हणत होता, त्याचेही नाव तेच.

मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाला ‘गुलामगिरी’ हेच नाव दिले, आणि कृष्णवर्णीयांना गुलामीतून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना तो अर्पण केला. शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि अमेरिकेतील गुलामांची स्थिती कायद्याच्या दृष्टीने एक नव्हती. तरीही फुल्यांनी तो शब्द जाणीवपूर्वक निवडला, कारण जन्माने लादलेल्या ताबेदारीला तोवर जी नावे होती ती ताबेदारी लपवणारी होती. एका स्थितीसाठी रूढ झालेला शब्द दुसऱ्या स्थितीवर ठेवून पाहणे ही कृती कधी कधी अलंकारणाची नसते, निदानाची असते. अमेरिकेच्या अनुभवातून मराठीत आलेल्या या शब्दाचे वजन आपण जाणतो. शंभर वर्षांनी अमेरिकेतच तो पुन्हा उच्चारला गेला तेव्हा अतिशयोक्त ठरला, हे नोंदवण्यासारखे आहे.

न्यायालयातील आख्यान

१६ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात दावा दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग हे फ्लडचे वकील. उन्हाळ्यात सुनावणी झाली, तेव्हा जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग या निवृत्त नामवंतांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली. ग्रीनबर्गला १९४७ मध्ये स्वतःच्या विक्रीची बातमी रेडिओवरून कळली होती. परंतु त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात केवळ सोबत म्हणूनसुद्धा येऊन बसला नाही. २५ विरुद्ध शून्य हा ठराव आणि ही रिकामी बाके, दोन्ही एकाच संघटनेची. भीती हे त्याचे कारण होते, आणि त्या खेळाडूंना दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी फार थोड्यांना असेल.

खालच्या दोन्ही न्यायालयांत फ्लड हरला. सर्वोच्च न्यायालयाने १९ जून १९७२ रोजी पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांचे. त्याचा पहिला भाग ‘खेळ’ या शीर्षकाचा आहे आणि त्यात कायदा जवळजवळ नाहीच. १९ जून १८४६ रोजी होबोकनच्या मैदानावर झालेल्या सामन्यापासून तो सुरू होतो. मग बेसबॉलचा वात्सल्याने सांगितलेला इतिहास येतो, आणि मग ऐंशीहून अधिक जुन्या खेळाडूंची व धुरिणांची नामावली. अर्नेस्ट थेअर यांच्या ‘केसी ॲट द बॅट’ या कवितेचा उल्लेख येतो, रिंग लार्डनर या कथाकाराचा येतो. सहस्रनामाच्या चालीने जाणारी ही यादी वाचताना आपण निकालपत्र वाचत आहोत याचा विसर पडतो. बहुमतातील दोन न्यायमूर्तींनी, मुख्य न्यायमूर्ती बर्गर आणि बायरन व्हाइट यांनी, या पहिल्या भागापुरती आपली सही राखून ठेवली, यावरून तो सहकाऱ्यांनाही कसा वाटला असेल याची कल्पना येते.

या नामावलीत जॅकी रॉबिन्सन आहे आणि हँक ग्रीनबर्गही आहे. म्हणजे फ्लडच्या बाजूने ज्यांनी साक्ष दिली त्यांची नावे न्यायालयाने स्तोत्रात घेतली आणि त्यांची साक्ष बाजूला ठेवली. स्मरणरंजन कसे काम करते हे यातून स्पष्ट होते. ते माणसांना विसरत नाही. त्यांच्या तोंडचे शब्द काढून घेऊन त्यांना लक्षात ठेवते.

तारखेचेही असेच. ब्लॅकमन यांना १९ जून १८४६ आठवला, आणि निकालही १९ जूनलाच जाहीर झाला. परंतु १९ जून ही आणखी एका घटनेची तारीख आहे. १८६५ मध्ये याच दिवशी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे गुलामांच्या मुक्ततेचा आदेश वाचून दाखवण्यात आला. टेक्सासच्या कृष्णवर्णीयांनी हा दिवस पिढ्यान्‌पिढ्या साजरा केला आणि २०२१ मध्ये तो राष्ट्रीय सुटीचा दिवस झाला. फ्लडचा जन्म गॅल्व्हेस्टनपासून फार दूर नसलेल्या ह्यूस्टनचा. हा योगायोग आहे, त्यात कोणाचा हेतू शोधू नये. पण एका दिवसाच्या दोन स्मृतींपैकी राष्ट्राच्या अधिकृत दस्तऐवजात कोणती नोंदली जाते, हा योगायोग नव्हे.

निकालपत्राचा कायदेशीर भाग त्याहून चमत्कारिक आहे. बेसबॉल हा आंतरराज्यीय व्यापार आहे हे ब्लॅकमन मान्य करतात. त्याला मिळालेली सूट ही विसंगती आहे, अपवाद आहे, हेही मान्य करतात. तरीही ती पन्नास वर्षे टिकलेली आहे, म्हणून टिकावी. बदल काँग्रेसने करावा. क्यून यांच्या पत्रातलीच रचना इथे न्यायालयीन भाषेत पुन्हा येते : तू म्हणतोस ते खरे आहे, पण त्याने काही होणार नाही. विरोधी मत देणाऱ्या डग्लस यांनी १९५३ च्या निकालाला आपण दिलेल्या संमतीबद्दल खेद व्यक्त केला. दुसरे विरोधी मत थर्गूड मार्शल यांचे, सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या कृष्णवर्णीय न्यायमूर्तींचे.

नंतरचे आयुष्य

खटला चालू असतानाच फ्लड खेळातून बाहेर फेकला गेला होता. १९७० चा पूर्ण हंगाम त्याने वाया घालवला. १९७१ मध्ये वॉशिंग्टन सेनेटर्सने त्याला १,१०,००० डॉलरवर घेतले, परंतु मन आणि शरीर दोन्ही साथ देईनात. १३ सामन्यांनंतर, एप्रिल संपण्याआधीच, मालकाला तार पाठवून तो निघून गेला. १,८६१ फटके आणि ०.२९३ ची फलंदाजीची सरासरी इथेच थांबली. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. त्याच वर्षी ‘द वे इट इज’ हे त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. पुढची काही वर्षे त्याने स्पेनच्या मायोर्का बेटावर मद्यालय चालवले आणि स्वतःही मद्याच्या आहारी गेला. अमेरिकेत परतल्यावर १९७८ मध्ये ओकलंडच्या संघासाठी थोडा काळ समालोचन केले, पुढे त्याच शहरात मुलांच्या खेळांचे काम पाहिले. १९८६ मध्ये अभिनेत्री ज्युडी पेस हिच्याशी त्याचा विवाह झाला, आणि उत्तरायुष्यात तो व्यसनातून बाहेर आला. २० जानेवारी १९९७ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, घशाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या फ्लडचे लॉस एंजेलिस येथे निधन झाले. तो दिवस मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मृत्यर्थ असलेल्या सुटीचा होता.

मधल्या काळात कलम मात्र कोसळले होते, आणि तेही वेगळ्याच वाटेने. १९७० च्या सामूहिक करारात खेळाडूंनी तटस्थ लवादाचा हक्क मिळवला होता. फ्लडच्या खटल्यात मालकांच्या वकिलांनी हा प्रश्न न्यायालयाचा नसून वाटाघाटींचा आहे असे सांगितले होते; संघटनेने वाटाघाटींचीच वाट धरली. १९७३ मध्ये दहा वर्षे मेजर लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबमध्ये काढलेल्या खेळाडूला, त्याच्या संमतीवाचून दुसरीकडे पाठवता येणार नाही, असा नियम झाला. हा नियम चार वर्षे आधी असता तर फ्लडला पत्र लिहावेच लागले नसते. मग २३ डिसेंबर १९७५ रोजी, फ्लडच्या पत्राला सहा वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, लवाद पीटर साइट्झ यांनी मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या प्रकरणात निर्णय दिला. त्यांनी कोणतेही महान तत्त्व सांगितले नाही. करार एक वर्षाने वाढवता येईल असे कलमात म्हटले आहे, तर एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, इतकाच त्यांचा अर्थ. जवळजवळ शतकभर टिकलेली व्यवस्था एका शब्दाच्या साध्या वाचनाने संपली. संहितेचे काळजीपूर्वक वाचन म्हणजे काय, असे विद्यार्थ्यांनी विचारल्यास आम्ही हे उदाहरण देऊ.

हा विजय फ्लडचा म्हणता येईल काय? कायद्याच्या काटेकोर भाषेत नाही. त्याचा खटला हरलेलाच आहे. परंतु १९६९ पूर्वी बहुसंख्य प्रेक्षकांना आणि पुष्कळ खेळाडूंनाही हे कलम निसर्गनियमासारखे वाटत होते. ते माणसांनी माणसांवर लादलेले आहे हे दिसायला एक शब्द लागला, आणि तो उच्चारण्याची किंमत एकट्याने भरली. १९६८ मध्ये खेळाडूचे किमान वार्षिक वेतन १०,००० डॉलर होते. २०२२ मध्ये ते ७,००,००० डॉलर झाले. यातला एक डॉलरही फ्लडला मिळाला नाही. १९९८ मध्ये काँग्रेसने त्याच्या नावाचा कायदा केला. प्रतिनिधिगृहातील त्या विधेयकाला त्याच्या गणवेशावरचा २१ हा क्रमांक देण्यात आला होता. पण तो कायदाही मेजर लीगच्या खेळाडूंपुरताच राहिला. ज्या कनिष्ठ संघांत फ्लडने ती काठी पाहिली, तिथल्या खेळाडूंना त्याने स्पर्शही केला नाही.

बेसबॉलच्या गौरव दालनात मार्व्हिन मिलर यांची निवड २०१९ मध्ये झाली. ज्याच्या बदल्यात फ्लड दिला गेला त्या डिक ॲलनची निवडही डिसेंबर २०२४ मध्ये, मरणोत्तर, झाली. फ्लडची निवड झालेली नाही.

आपल्याकडे २००८ पासून क्रिकेटपटूंचा लिलाव होतो आणि कोण किती कोटींना ‘विकला गेला’ हे मराठी वृत्तपत्रे ठळक अक्षरांत छापतात. तिथे खेळाडू आपखुशीने नाव नोंदवतो, त्यामुळे दोन्ही व्यवस्थांची तुलना ओढूनताणून करू नये. तरी ते क्रियापद आपण किती सहज वाचतो, याकडे भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे. फ्लडने ते सहज वाचायला नकार दिला. त्याचे पत्र आणि क्यून यांचे उत्तर, दोन्ही मिळून फार तर एक-दोन पानांचा मजकूर आहे. ‘गुलामगिरी’ शिकवताना, किंवा अलंकार आणि वास्तव यांच्या संबंधाची चर्चा करताना, ही दोन पत्रे शेजारी शेजारी ठेवून वर्गात वाचावीत, असे आम्ही आमच्या अध्यापक मित्रांना सुचवतो. एखाद्या शब्दाला अतिशयोक्ती म्हणणारा माणूस नेमका कोठे उभा आहे, हा प्रश्न विद्यार्थी मग स्वतःच विचारतील.